गजेंद्रच्या वाट्याचे रोट

सुरतेतल्या बमरोलीच्या त्या गल्लीत शोभाबाईंचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. अमक्याकडची डाळ घेऊ नका, असं त्यांनी एकदा म्हटलं की अमक्याने दुकान उचलावं. नवरा बन्सीलाल आयुष्यभर लूमच्या खडखडाटात राहून बहिरा झालेला, पण ते बहिरेपण सोयीपुरतंच आहे असं शोभाबाईंचं ठाम मत.

महापालिकेच्या मागच्या निवडणुकीत हा शब्द त्यांनी गजेंद्रसाठी खर्च केला. गजेंद्र त्यांच्या चुलतदिराचा मुलगा. सुरतेत खानदेशी माणूस ढिगाने, पण पालिकेत आपल्यासाठी भांडणारं कोणी नाही, ही त्यांची जुनी सल. वॉर्ड ऑफिसात तक्रार सांगताना एकदा त्यांचं गुजराती अडखळलं, तेव्हा टेबलामागचा माणूस हसला होता. ते हसू त्या विसरल्या नाहीत. म्हणूनच घरोघर फिरल्या. जालन्याकडच्या शेजारणीला, कमललासुद्धा पटवलं, "आपला मानूस शे, मी सांगस ना!" गजेंद्र निवडून आला त्या दिवशी गुलालात उभ्या राहून त्या चक्क रडल्या.

मग साहेब गायब झाले. इकडे गटार तुंबलं ते तुंबलंच. रोज दुपारी वरच्या गल्ल्यांच्या नळांना पाणी सुटायचं आणि काळं, घाण पाणी शोभाबाईंच्या पायरीला लागायचं. फोन केला की गजेंद्र मीटिंगमध्ये. कमल येता-जाता विचारायची, "तुमचा मानूस निवडून आलाय नव्हं, मंग ही घान का जाईना?" वास एक वेळ सोसवे, पण हा टोमणा सोसवत नसे. शब्द शोभाबाईंचा गेला होता ना!

श्रावणात घरात कानबाई देवी बसली. भाऊबंदकीतल्या एकेका पुरुषाच्या नावाने मूठमूठ गहू घ्यायचे आणि त्यांचे रोट, म्हणजे जाड पोळ्या, करायच्या, ही खानदेशी घरांची रीत. रोट परक्याला देत नाहीत, उंबऱ्याबाहेर नेत नाहीत आणि ताटात टाकत तर मुळीच नाहीत. शोभाबाईंनी गजेंद्रच्या नावाची मूठही घेतली. राग आहे म्हणून काय भाऊबंद तोडायचा?

निवडणूक पुन्हा जवळ आलेली, त्यामुळे गजेंद्र न बोलावता हजर झाला. पांढरेशुभ्र कपडे, नवी कोरी कोल्हापुरी आणि सोबत फोटोवाला. देवीला हात जोडले, फोटो निघाला आणि साहेब वळले.

"काकी, मी जरा घाईमा शे."

"आनि तुना रोट कोन खाई?"

घाई संपली. शोभाबाईंनी त्याला दाराशीच पाटावर बसवलं आणि ताट वाढलं. रोट, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी, खीर. तो चार घास खाऊन उठू लागला, तशा त्या म्हणाल्या, "ताटमा रोट टाकीसन उठतस का? कानबाई पाही ऱ्हायनी."

बिचारा पुन्हा बसला. खिशातला फोन वाजून वाजून दमला. गटाराचा भपकारा सरळ ताटावर येत होता. त्याने रुमाल नाकाशी नेला, पण काकींकडे बघून खाली ठेवला. कोपऱ्यातल्या बन्सीलालला आज सगळं नीट ऐकू येत होतं. शोभाबाई मात्र शांतपणे वाढत होत्या. पाणी सुटायची वेळ त्यांना पाठ होती.

शेवटचा घास गजेंद्रने पाण्यासोबत गिळला आणि मूळ मुद्द्यावर आला. "काकी, अवंदा बी घरोघर सांगशी ना, आपला मानूस शे म्हनीसन?"

"सांगसू ना. आपला मानूस जेवी गया, आसं सांगसू. काम करी गया, आसं कव्हय सांगू?" त्यांनी दाराबाहेर बोट दाखवलं. "रोट भाऊबंदना शे, गजेंद्र. खुर्ची आख्खी गल्लीनी शे. ती कमलबाई भाईर उभी शे, तिनं बी तुले मत दिधं."

बाहेरून कमलची हाक आलीच. "अवो सायेब, तुमची चप्पल चालली की!"

गजेंद्र दाराकडे धावला. काळं पाणी पायरीवर चढलेलं. एक कोल्हापुरी गटाराच्या तोंडाशी गरगरत होती, दुसरी दिसतच नव्हती. त्याने पायजमा गुडघ्यापर्यंत धरला, पाय पुढे टाकला आणि मागे घेतला.

"काकी, आते कसा जाऊ?"

पुतण्याच तो. पण शोभाबाई जागच्या हलल्या नाहीत.

"आम्ही रोज जातस, भाऊ. तसाच जाय."