दिनानाथच्या कमरेचं पाऊण किलो

सांडोरच्या दिनानाथला घाबरवू शकणारा माणूस गावात एकच होता, आणि तो म्हणजे दिनानाथ. शहाण्णव साली कोणीतरी फोनवर त्याला विचारलं, "वाडी विकायचीय का हो?" शिवी नाही, धमकी नाही. उलट बोलणं इतकं अदबीचं की दिनानाथला घाम फुटला. त्या दिवसांत वसईत जमिनीबद्दल कोणी अदबीने बोलू लागलं, की माणसं दाराला दुसरी कडी बसवून घेत. दिनानाथची वाडी सोळा गुंठे, केळीची, मधोमध बापाने खणलेली विहीर. ती हातची जाऊ द्यायची नाही, एवढं एकच त्याचं आयुष्यातलं धोरण. त्याने कडीऐवजी परवान्याचा अर्ज केला. ठाण्याला दोन वर्षं खेपा घातल्यावर तिथल्या साहेबांनाही पटलं असावं, की इतक्या चिकाटीचा माणूस निःशस्त्र राहणं धोक्याचं आहे. अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीत बत्तीस बोअरचं रिव्हॉल्व्हर घरी आलं.

शेजारच्या वाडीवाल्या फर्डिनंडने ते भाजीच्या तराजूत टाकलं. सहा गोळ्यांसकट अर्धा किलो, दोनशे आणि पन्नास.

"पाऊन किलो," तो म्हणाला. "वांगी आसती तर दोन वक्ताची भाजी झाली आसती."

तराजूतलं पाऊण किलो आणि कमरेवरचं पाऊण किलो यांत फरक असतो, हे दिनानाथला आठवडाभरात कळलं. सकाळी बांधताना ते हत्यार असे. दहापर्यंत ते ओझं होई आणि दुपारी बाराला कमरेला कोणी पाटा बांधल्यासारखं वाटे. वाडीत तो हाफपँट घालायचा, तिला नाडी. नाडीने आजवर दिनानाथची अब्रू सांभाळली होती, पण त्याच्या शत्रूंचा बंदोबस्त तिला झेपेना. पँट उजवीकडून उतरू लागली. मग चामड्याचा रुंद पट्टा आला. पट्टा सैल ठेवला की रिव्हॉल्व्हर मांडीवर आपटे, आवळला की जेवण वर येई. केळीचा घड उतरवायला वाकलं की मूठ बरगडीत रुते. मे महिन्यात पट्ट्याखाली घामोळं उठलं. लग्नाच्या पंगतीत मांडी घालणं बंद झालं; वराकडची माणसं खुर्ची देत आणि दिनानाथ तो मान समजे. संडासात ते कुठे ठेवायचं, हा प्रश्न परवान्याच्या अर्जात कुठेच नव्हता. शेवटी त्याने एक खिळा ठोकला.

सहा महिन्यांत त्याची चाल उजवीकडे कलली.

"दिना," फर्डिनंड बांधावरून ओरडे, "होडीत सगली मानसं एकाच अंगाला बसलीत काय रे?"

बायको सत्यवती हसत नसे. ती रोज रात्री त्याच्या कमरेला तेल चोळी आणि एवढंच विचारी, "चोर आला तर तो आधी तुम्हाला उभं ऱ्हायला मदत करील ना?"

नव्याण्णव साली लोकसभा आणि विधानसभा एकदमच लागल्या, आणि रिवाजाप्रमाणे परवानेवाल्यांना हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करायचा हुकूम आला. दिनानाथने रिव्हॉल्व्हर दिलं, पावती घेतली आणि बाहेर आला तो डावीकडे झुकत. वर्षभर उजवीकडचं ओझं तोलणाऱ्या शरीराला सरळ उभं राहणं परकं झालं होतं. पण कमरेपेक्षा मोठी काळजी होती. शर्टाखालचा फुगवटा गेला, तर वाडी उघडी पडली हे गावभर कळणार. घरी येऊन त्याने तराजूची वजनं काढली, अर्धा किलो, दोनशे आणि पन्नास, रुमालात बांधली आणि चामड्याच्या म्यानात कोंबली. लोकशाहीचा उत्सव संपेपर्यंत सोळा गुंठ्यांचं रक्षण बिडाच्या त्या तीन वजनांवर सोपवण्यात आलं.

तिसऱ्या दिवशी सत्यवतीला भाजी तोलायला वजनं सापडेनात. तिने नवऱ्याच्या कमरेकडे पाहिलं आणि शेजारच्या लूर्डसकडून, फर्डिनंडच्या बायकोकडून, वजनं मागून आणली.

त्याच आठवड्यात विरारचा जमीन दलाल प्रितेश गाडी घेऊन आला. तरुण, इस्त्रीचा शर्ट, आवाज तोच फोनवरचा, अदबीचा. दिनानाथ ओटीवर खुर्ची ओढून बसला आणि फुगवटा दिसेल असा शर्ट सारखा केला.

"काका, सॉलिड ऑफर आहे."

"वाडी विकायची नाय." दिनानाथने म्यानावर हात ठेवला. आत वजनावर वजन घासून कच्चकन आवाज झाला.

प्रितेशचं तिकडे लक्षच नव्हतं. तो आत डोकावत होता. "काकी आहेत का? म्हणजे काका, राग नका मानू, पण सातबाऱ्यावर नाव त्यांचं आहे. तुमचं नाहीच."

हे खरं होतं. कोणी गोड बोललं की आपला मुलगा सही करतो, हे ओळखून बापाने मरण्याआधी वाडी सुनेच्या नावावर केली होती. दिनानाथला ते ठाऊक होतं, पण वर्षभर त्याने ज्याची राखण केली ते आपलं नव्हे, असं त्याच्या मनात कधी आलं नव्हतं.

सत्यवती हात पुसत बाहेर आली. प्रितेशने सहा माळ्यांची इमारत हवेत उभी केली, तिला त्यात दोन फ्लॅट दिले, लिफ्ट दिली.

"आनि पाट कुठून काढायचा?" तिने विचारलं.

"कसला पाट, काकी?"

"केळीला पानी लावायला. चवथ्या माळ्यावर नको, तिथं मला चढवनार नाय."

प्रितेश हसला. ती हसली नाही. "सही नाय करायची मला. च्या घेनार?"

चहा पिऊन तो गेला. पुन्हा आला नाही. सोप्या सह्या त्याला दुसरीकडे पुष्कळ मिळत होत्या.

निकाल लागले, रिव्हॉल्व्हर परत कमरेवर आलं. तोवर गावात पक्कं झालं होतं, की दलाल आला, दिनाने कमरेला हात घातला आणि दलाल पळाला. दिनानाथने हे नाकारलं नाही. त्याची कमर आधीच खूप दुखत होती. महिनाभरात फर्डिनंड परवान्याचा कोरा अर्ज घेऊन ओटीवर हजर.

"वैनी, दिनाला सांगा, मला भरून दे. माजी पन वाडी हाय."

सत्यवती भाजी निवडत होती. "सातबाऱ्यावर लूर्डसचं नाव हाय?"

"नाय. माजं एकट्याचं."

"मग घे बाबा तू परवाना," ती म्हणाली.