हाड जुळल्यावर

बटालियन तेव्हा उत्तर काश्मीरमध्ये होती. पोस्टची उंची अकरा हजार फूट. साडेपाचला फॉल-इन, सातला नाश्ता, आठला पाठीवर बावीस किलो घेऊन चढाई. तिथेच माझा डावा पाय दुखायला लागला. आठवडाभर मी गप्प राहिलो. मग बूट चढेना. डॉक्टरसाहेबांनी एक्स-रेसाठी खाली पाठवलं. स्ट्रेस फ्रॅक्चर निघालं, पंजाच्या हाडाला केसाएवढी चीर. सहा आठवडे प्लास्टर, सहा आठवडे लाइट ड्यूटी. पुढच्या एक्स-रेत हाड जुळलेलं दिसलं आणि मला फिट ठरवलं.

पाय दुखतच होता. हे फक्त लान्स नाईक भरत केणीला माहीत होतं. तो वेसाव्याचा, मी बोरीवलीचा. कंपनीत मुंबईचे आम्ही दोघंच, त्यामुळे भांडायलाही दुसरं कोणी नव्हतं. साहेबांना सांग, असं तो रोज म्हणायचा. एक्स-रे क्लीन आहे, कामचोर ठरवतील, असं मी म्हणायचो.

त्याच आठवड्यात शेजारच्या पोस्टपर्यंत गस्तीची तुकडी गेली. नऊ जण. सगळ्यात मागे मी. परतताना बर्फाने भरलेला नाला ओलांडायचा होता. तोवर मी पन्नास मीटर मागे पडलो होतो. माझ्या पुढचा केणी थांबला.

"तू पुढे हो. मागून मी येतो."

"ती माझी जागा आहे."

"चल ना रे. उशीर होतोय."

मी पुढे झालो. अकरा चाळीसला वरून बर्फ सुटला. मी वळलो तेव्हा मागे वाटच नव्हती.

हवालदारसाहेबांनी रेडिओ सेट घेतला. "अव्हलांच. एक जवान मिसिंग. ओव्हर."

"नाव सांगा. ओव्हर."

त्यांनी माझं नाव सांगितलं. मग मी समोर उभा दिसलो, तेव्हा दुरुस्त केलं.

केणी दोन वीसला सापडला. श्वास नव्हता.

आता मी बोरीवलीत एका सोसायटीत सिक्युरिटी सुपरवायझर आहे. अर्धा तास उभं राहिलं की पाय पेटतो. तीन डॉक्टर झाले. हाड उत्तम आहे, असं तिघंही म्हणाले. एकाने सांगितलं, कधी कधी हाड बरं होतं पण दुखणं जात नाही. बायको रोज शेक देते. आताशा ती काही विचारत नाही.

दर दिवाळीला मी वेसाव्याला केणीच्या आईकडे जात असे. मावशी वाढायच्या, मी जेवायचो. गेल्या वर्षी त्यांनी विचारलं, अजून लंगडतोस का? मी सगळं सांगितलं. पाय, नाला, कोणाच्या जागेवर कोण होतं ते.



"इतकी वर्षं माझ्या घरी जेवलास," त्या म्हणाल्या, "आणि आज सांगतोस?"

मी उठलो.

"आता येऊ नकोस."

यंदा गेलो नाही. त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

भरत केणी सत्तावीस वर्षांचा होता. चालताना दर थोड्या वेळाने मागे वळून बघायचा, कोणी राहिलंय का म्हणून. त्या दिवशी मी राहिलो होतो.