दोन तासांचा विसावा

सासऱ्यांना लकवा झाला आणि मी शाळेची नोकरी सोडली. नवरा खंडव्याच्या कचेरीत. शनिवारी घरी यायचा, रविवारी वडिलांचे पाय चेपता चेपता मला सेवेचं महत्त्व सांगायचा आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने निघून जायचा.

घरोघरी केबल येत होती, शिकलेली मुलं पुण्या-इंदूरकडे निघाली होती. त्याच सुमारास बुऱ्हाणपुरात, आमच्या बुधवारा पेठेत, एका मंडळाने म्हाताऱ्यांसाठी आणि त्यांना सांभाळणाऱ्यांसाठी केंद्र उघडलं. सांभाळणाऱ्यांची बैठक सकाळी अकराला असे. ती सासऱ्यांच्या अंघोळीची वेळ, त्यामुळे मी कधी गेले नाही. पुढे कळलं, कुणीच जात नव्हतं.

मग त्यांनी घरी माणूस पाठवायचं ठरवलं. आठवड्यातून दोनदा, दोन तास तो आजाऱ्याजवळ बसणार, तेवढ्यात मी जरा आडवं व्हावं. आले ते जैनाबादचे निवृत्त गुरुजी, सासऱ्यांपेक्षा दोन वर्षांनी मोठे. जिना चढून त्यांना धाप लागली. मी पाणी दिलं, पंखा लावला, चहा केला. विसाव्याचा पहिला तास असा गेला.

सासरे कित्येक महिने हुंकारापलीकडे बोलले नव्हते. गुरुजींनी मात्र त्यांना ओळखलं. राज्यांची फेररचना झाली तेव्हा बुऱ्हाणपूर महाराष्ट्रात जावं म्हणून सासरे सह्या गोळा करत फिरले होते, आणि गुरुजींनी सही नाकारली होती.

"बरंच झालं ना, इथंच राहिलो ते," गुरुजी सहज म्हणाले.

सासऱ्यांचा वाकडा ओठ हलला. "कशाचं बरं?"

मी स्वयंपाकघरातून धावत आले.

तेव्हापासून मंगळवारी आणि शुक्रवारी आमच्याकडे भांडण असे. रंगात आले की गुरुजी हिंदीत शिरत. सासरे त्यांना मराठीत बोलायला बजावत, तेही हिंदीतच. डॉक्टरांनी सांगितलेले जिभेचे व्यायाम त्यांनी कधी केले नव्हते, आता गरजच उरली नाही.

एकदा केंद्राच्या बाई पाहणीला आल्या. जिन्यातच त्यांना आवाज ऐकू गेला. त्यांच्या फॉर्मवर 'रुग्ण शांत राहतो का' असा रकाना होता. दुसरा, शांत माणूस पाठवते म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी अंघोळ लांबणीवर टाकून मी अकरा वाजता केंद्रात गेले. बैठकीला मी एकटीच.

"शांत माणूस आमच्या घरात आधीच होता," मी म्हणाले. "मला हे भांडणारेच हवेत."

बाईंनी बराच विचार केला आणि रकान्यात 'समाधानकारक' लिहिलं.

पुढे गुरुजी अंगणात पडले, खुब्याचं हाड मोडलं. सासऱ्यांनी दोन दिवस धड जेवण घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "रिक्षा बोलव. त्याच्याकडे जायचं."

मग दर मंगळवारी, शुक्रवारी शेजारच्या पोरांकडून त्यांना जिन्यावरून उतरवून घेऊन आम्ही तापी ओलांडून जैनाबादला जाऊ लागलो. गुरुजींकडे कोण जातं याची नोंद हवी म्हणून केंद्राने आजारी माणसांच्या यादीतून सासऱ्यांना काढून घरोघरी जाऊन बसणाऱ्या सेवकांच्या यादीत घातलं. उजवा हात चालत नव्हता, तेव्हा त्यांनी डाव्या हाताने सही केली आणि ती मला तीनदा दाखवली.

ते दोघं भांडत बसत आणि मी त्यांच्यासाठी चहा करी. गुरुजींची सून तेवढ्यात आतल्या खोलीत झोपून घेई. पहिल्या दिवशी उठून आली तेव्हा तिच्या गालावर उशीचे वळ होते. कितीतरी दिवसांनी डोळा लागला, म्हणाली. मला तिचा मनापासून हेवा वाटला.