ऑपरेशनच्या दिवशीचा केर

आमच्या सासूबाईंचे गुडघे गेले आणि घरात केरावरून रोज वाजायला लागलं. त्यांना वाकता येत नाही आणि दुसऱ्या कोणी काढलेला केर पटत नाही. बाई ठेवली की आठ दिवसांत काहीतरी खुसपट काढून तिला पळवायचं, आणि मग एका हाताने भिंत धरून, दुसऱ्या हातात केरसुणी घेऊन "आई गे, आई गे" करत घरभर फिरायचं. मला मरोळला ऑफिस, नवऱ्याला पवईला. आम्ही चपला घालत असताना हे कण्हणं कानावर आलं की माझं डोकं सटकायचं.

"आई, ठेवा ती केरसुणी. मी रात्री काढेन ना!"

"रात्री केर काढतत काय? लक्ष्मी जाता."

आता बोला! मी मुलुंडची. आमच्याकडे रात्री अकरालासुद्धा केर काढायचे आणि लक्ष्मी कुठे गेली नाही, कारण ती मुळात आलीच नव्हती. पण चारकोपच्या या घरात मालवणी कायदा चालतो. शेवटी मी नवऱ्याला सांगितलं, "तो झाडू मारणारा रोबो आण, नाहीतर मी माहेरी जाते."

नवऱ्याने महिनाभर व्हिडिओ बघितले. शिंप्याच्या टेपने स्वयंपाकघराचा उंबरठा मोजला, दिवाणाखालची जागा मोजली. दुकानात मात्र निवड केली सासऱ्यांनी. ते जन्माचे गिरणी कामगार, गिरणी बंद पडल्यावर मरोळच्या कारखान्यात मशीनवर उभे राहिलेले. मशीन चालवून बघितल्याशिवाय ते कुणाचं ऐकत नाहीत. विक्रेता नकाशा, सेन्सर असं काय काय सांगत होता. बाबांनी खिशातली चण्याची पुडी काढली, टरफलं लादीवर टाकली आणि म्हणाले, "ह्या उचल बघूया." दोन रोबोंनी टरफलं चुकवली. तिसऱ्याने उचलली. तो आमच्या घरी आला.

बाबा त्याच्यावर भाळलेच. तो निघाला की हे मागे. खुर्च्या उचलणार, पायपुसणी बाजूला करणार. तो कोपऱ्यात अडकला की, "अरे मेल्या, थंय नाय, हंय ये." दुपारी त्याचा कचऱ्याचा डबा उघडून, जुन्या टूथब्रशने साफ करून पुन्हा बसवायचं कामही त्यांनीच घेतलं. आई पलीकडच्या खोलीतून म्हणायच्या, "माझ्या पोरांचो एवढो लाड केल्यानी नाय कधी."

एकाच गोष्टीवरून आईंचं आणि माझं वाजलं. मी त्या रोबोत दोन गोष्टी लावून ठेवल्या होत्या. एक, रोज सकाळी दहा वाजता केर. दुसरी, घर रिकामं झालं की केर. म्हणजे माझा आणि नवऱ्याचा फोन घरापासून लांब गेला की तो समजायचा, सगळे बाहेर पडले, आणि लागायचा कामाला. आई-बाबांचे साधे फोन त्याच्या खिजगणतीतच नव्हते. घरात माणसं चार, त्याच्या हिशोबी दोन.

"माणूस भायर पडल्यार लगेच केर काढूचो नसता," आई म्हणाल्या. कोणी प्रवासाला निघालं की ते पोचल्याचं कळेपर्यंत घर झाडायचं नाही, हे मलाही माहीत होतं. माणूस उंबऱ्याबाहेर गेल्या गेल्या घर झाडतात ते एकाच वेळी. तिरडी उचलल्यावर.

मी म्हटलं, "अहो, आम्ही ऑफिसला जातो, काशीला नाही." त्या पुटपुटल्या, पण रोजच्या ऑफिससाठी त्यांनी सूट दिली. गावाला कोणी निघालं तर मात्र आधी मला तो बंद करायला लावायच्या. मी करायची. मनात हसायची, पण करायची.

मग बाबांच्या छातीत दुखलं. तीन नसा बंद निघाल्या. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, ऑपरेशन करा, थांबू नका. बाबा दोन महिने "माका कापूक देवचंय नाय" एवढंच म्हणत राहिले. नवरा ओरडला, मी रडले, नणंदेने फोनवर शपथा घातल्या. ढिम्म. शेवटी एका संध्याकाळी आई खुर्चीतून म्हणाल्या, "तुमी गेलात तर सकाळी माका हयसून उठवतलो कोण?" बाबा बराच वेळ रोबोचा डबा पुसत बसले. मग म्हणाले, "सांगा डॉक्टराक."

तपासण्या आदल्या आठवड्यातच झाल्या. सकाळी सहाला निघायचं, अंधेरीला हॉस्पिटलात दाखल व्हायचं आणि लगेच ऑपरेशन. आई घरीच थांबणार होत्या. देवाला गाऱ्हाणं घातलं होतं, ऑपरेशन होईपर्यंत त्याच्यापुढचा दिवा विझू द्यायचा नव्हता. आदल्या दिवशी त्यांनी मला तीनदा बजावलं, "उद्या तेका बंद ठेव हां." तिसऱ्यांदा मी वैतागले. "केलाय हो बंद!" आणि केलाच होता. सकाळी दहाची वेळ मी स्वतः काढून टाकली होती.

निघताना आईंनी बाबांच्या हातावर दही-साखर ठेवली; उपाशीपोटी जायचं होतं म्हणून त्यांनी ती नुसती ओठांना लावली. बाबा उंबऱ्यावर थांबले, आत बघून म्हणाले, "येतंय हां." आईंनी नुसती मान हलवली.

टॅक्सी लिंक रोडला लागली. नवरा पुढे, मागे मी आणि बाबा. माझ्या हातातला फोन थरथरला. स्क्रीनवर आलं : घराची सफाई सुरू झाली आहे.

दहाची वेळ काढली होती मी. घर रिकामं झालं की केर, ही दुसरी गोष्ट तशीच राहिली होती. वाट लागली! मी थांबवायचं बटण दाबलं. स्क्रीनवर नुसतं गोल चक्र फिरत राहिलं. परत दाबलं. फिरतंय. खाली घराचा नकाशा दिसत होता आणि त्यावर एक निळी रेघ सरकत होती, आमच्या दारापासून, बाबा उभे होते तिथून, आत. मी ते बटण किती वेळा दाबलं देव जाणे. घरात आई एकट्या. त्यांना वाकून तो थांबवता येणार नाही. आणि पायाने त्या दाबणार नाहीत, केर काढणाऱ्या वस्तूला त्या मेल्या तरी पाय लावणार नाहीत.

"काय झाला गो?" बाबांनी विचारलं.

"काही नाही. ऑफिसचं."

"आज पण?" ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले. त्यांचा हात छातीवर होता. हे त्यांना कळलं असतं तर त्यांनी टॅक्सी वळवली असती, माझी खात्री आहे. दोन महिन्यांनी मिळालेला होकार माझ्या एका बोटाने गेला असता.

चौथ्या मिनिटाला रेघ थांबली. आणि बाबांचा फोन वाजला.

आईंचा. बाबा ऐकत होते. "हां... हां... नाय गो... हां." फोन ठेवला.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"कवळी काढून ठेवा म्हणता, डॉक्टर विसरतले." ते किंचित हसले. "वेडी आसा."

मला तेव्हा ढसाढसा रडायचं होतं. ती बाई घरात एकटी, डोळ्यांदेखत नवऱ्यामागे घर झाडलं गेलेलं, आणि ती त्यांना कवळीची आठवण करते. मी स्वतःला इतक्या शिव्या घातल्या, इतक्या घातल्या, की त्या इथे लिहिता येणार नाहीत.

ऑपरेशन दोनला संपलं. डॉक्टर म्हणाले, झालं नीट, पण शुद्धीवर येऊ देत, मग बोलू. नवरा तिथेच थांबला आणि मी आईंना आणायला पाचच्या सुमारास घरी आले. दार उघडलं आणि पायाखाली कचकच लागली.

दारापासून दिवाणापर्यंत लादीवर केर पडला होता. केसांचे गुंते, तांदळाचे चार दाणे, काडी, धूळ. सबंध खोलीत मुठीमुठीने टाकल्यासारखा. दिवाणावर आई, बाजूला काठी, मांडीवर उलटा केलेला रोबो आणि हातात त्याचा डबा.

"आई! हे काय केलंत?" मी ओरडलेच.

"केर परत घातलंय," त्या म्हणाल्या.

काठीने ओढून, दिवाणावर बसून, कसाबसा उचलला म्हणाल्या त्यांनी तो. डबा कसा उघडतात ते बाबांचं बघून ठाऊक होतं. दिवसभर घर तसंच ठेवलं होतं. सकाळी काही काढलंच गेलं नाही, असं व्हावं म्हणून.

"आई, माझं चुकलं." मला पुढे बोलता येईना. "मला वाटलं मी बंद केलाय."

"तुझा चुकला, माझा चुकला, ता मागसून बघूया." त्यांनी डबा माझ्यापुढे धरला. "हेच्या जाळीत अजून रवलो आसा. माझ्या बोटांनी निघना नाय. तू काढ गो बाय. सगळो काढ."

मी त्यांना समजावू शकले असते. मी विज्ञानाची पदवीधर बाई, सात वर्षं लोकांना मशीनी कशा चालतात ते समजावून पगार घेते. मी पर्स खाली टाकली, तो जुना टूथब्रश घेतला आणि त्या केरातच मांडी घातली. जाळीच्या एकेका घडीत ब्रश घालून धूळ काढली आणि दाराजवळ, बाबा उभे होते तिथे झटकली. आई वरून बघत होत्या. "थंय कोपऱ्यात बघ. हां, तो केस." मी नखाने केस ओढला.

तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला. तो रडत होता, त्यामुळे मला आधी काही कळेचना. "अरे, काय झालं ते बोल!" मी किंचाळले.

"डोळे उघडले. माझा हात दाबला. डॉक्टर म्हणतायत, उद्या सकाळपर्यंत काळजी आहे, पण डोळे उघडले गं."

मी आईंना सांगितलं. त्यांनी देवाकडे बघून हात जोडले आणि पदर तोंडावर घेतला. त्यांचे खांदे हलत होते. मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून बसले. थोड्या वेळाने डबा उजेडात धरून आत बघितलं. स्वच्छ होता. तरी मी तो उलटा केला आणि लादीवर आणखी दोनदा आपटला.