पूनमने जेईई सोडली

म्हसळ्याजवळच्या एका खेड्यातून पूनम दर शनिवारी-रविवारी सकाळच्या एसटीने माणगावला क्लासला जायची. बारावीचं वर्ष. वडील हर्षद दिघीच्या फेरीबोटीवर इंजिन सांभाळत, आई नूतन घरची भातशेती बघे. लहानपणी सुट्टीत वडिलांबरोबर बोटीवर गेली की बाकीची पोरं वर वाऱ्यावर उभी राहत आणि ही खाली इंजिनापाशी. हा आवाज कशाचा, तो कशाचा, असं विचारून तिने बापाला भंडावून सोडलं होतं.

क्लासचे स्वप्निल सर म्हणत, खरी परीक्षा जेईईच. पूनमवर त्यांचा भरवसा होता. दिवाळीनंतरच्या सराव परीक्षेत तिला तीनशेपैकी सत्तर मिळाले, तरी सर म्हणाले, अजून वेळ आहे. वेळ होता, हे पूनमलाही मान्य होतं. तो कुठे घालायचा एवढंच तिला ठरवायचं होतं.

मग तिने जेईईची, सीईटीची आणि जहाजावरच्या शिक्षणासाठी असते त्या आयएमयू सीईटीची, अशा तीन जुन्या प्रश्नपत्रिका मिळवल्या आणि घड्याळ लावून तीन दिवसांत सोडवल्या. जेईईत चुकलेल्या उत्तरांनी कमावलेले गुणही खाल्ले. सीईटीत बोर्डाचीच पुस्तकं होती, फक्त हात भराभर चालायला हवा होता. तिसऱ्या परीक्षेत इंग्रजी होतं आणि तिचं इंग्रजी कच्चं. पण कच्चं इंग्रजी सुधारता येतं, असं तिने स्वतःला बजावलं.

जहाजासाठी नजर चांगली लागते हे वाचल्यावर अर्ज भरण्याआधीच ती आईला घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेली. बारीकसा नंबर निघाला. डॉक्टरांनी तिने नेलेला नियमांचा कागद वाचला आणि सांगितलं, जहाज हाकणाऱ्या अधिकाऱ्याच्या शाखेला हे चालणार नाही, इंजिनच्या शाखेला चालेल. बाहेर आल्यावर आईचा चेहरा उतरला होता.

"मला इंजिनकडेच जायचं होतं, आई," पूनम म्हणाली.

सोमवारी कॉलेज सुटल्यावर तिने सरांना फोन करून जेईई देणार नसल्याचं सांगितलं. सर नाराज झाले. हातातली संधी सोडतेस, घाबरलीस का, असंही विचारलं.

"घाबरले नाही, सर. तीन ठिकाणी अर्धी-अर्धी पोचण्यापेक्षा दोन ठिकाणी पूर्ण पोचते."

सरांनी फोन ठेवून दिला. पुढच्या शनिवारी मात्र त्यांनीच इंग्रजी व्याकरणाचं एक जाडजूड पुस्तक तिच्या बाकावर आणून ठेवलं.

सीईटीचा निकाल आधी लागला. त्र्याण्णव पर्सेंटाइल. घरापासून तासाभरावर इंजिनिअरिंगला जागा मिळण्यासारखी होती आणि आईला तेच हवं होतं. पण जहाजाच्या परीक्षेतही पूनमचं नाव लागलं. त्या संध्याकाळी आई पहिल्यांदा मोकळेपणी बोलली. सहा-सहा महिने पोर पाण्यावर, भोवती सगळे पुरुष, आजारी पडली तर बघणार कोण? पूनमने एकेक गोष्ट ऐकून घेतली. जहाजाच्या कॉलेजात वरच्या वर्गात असलेल्या रुचिता नावाच्या मुलीचा नंबर तिने आधीच मिळवला होता. तो आईला लावून दिला आणि स्वतः बाहेर जाऊन बसली. दोघी तासभर बोलल्या.

हर्षदने एवढंच विचारलं, "खाली उकाडा किती असतो, ठाव हाय ना?"

"हाय, बाबा."

"मग जा."

तिला जहाजाच्या कॉलेजात सोडायला आई एकटीच गेली. होस्टेलची खोली, पाण्याचा नळ, दाराची कडी सगळं तिने स्वतः तपासलं आणि मगच परतीची गाडी धरली. वर्गात चाळीस जणांत मुली तीनच होत्या. पहिल्या सहामाहीत पूनम वर्कशॉपमध्ये पहिली आली, इंग्रजीत जेमतेम पास झाली. दोन्ही गोष्टी तिने घरी एकाच फोनवर सांगितल्या.