सानिकाची बॅटिंग आणि आम्ही बघणारे

मुलींना सॉफ्टबॉल शिकवणाऱ्या माणसाकडे ट्रॉफ्या जमत नाहीत, किस्से जमतात. ट्रॉफीसाठी निदान जिंकावं लागतं. किस्से जमवायला रोज सकाळी कोपरखैरण्याच्या मैदानावर शिट्टी घेऊन उभं राहिलं की पुरे. मी शाळेत पीटी शिकवतो आणि आठवी-नववीच्या मुलींची बॅटिंग प्रॅक्टिस घेतो. घरी किस्से सांगायला लागलो की बायको मिक्सर चालू करते, म्हणून तुम्हाला सांगतोय.

यातले निम्मे किस्से एकट्या सानिकाचे आहेत. बोनकोडे गावातली पोरगी, नववीत. मनगटात अशी ताकद की प्रॅक्टिसमध्ये मारलेला बॉल समोरच्या सोसायटीच्या पार्किंगमधून आणावा लागतो. वर्षाच्या सुरुवातीलाच तिचे पप्पा मैदानावर आले. पाटील. गावात स्वतःची बिल्डिंग, भाडेकरू, सगळं व्यवस्थित. बोलणं एकदम सरळ.

"सर, यंदा जिल्ह्याच्या टीममदी आली त खेलू दे. नाय आली त दहावीचा क्लास चालू. मंग बॅट माल्यावर."

सानिका शेजारीच उभी होती. तिनं बॅट तेवढी दोन्ही हातांनी धरून ठेवली. मीच छाती पुढे काढून म्हणालो, "पाटील, टेन्शन घेऊ नका. मी एकदम सायंटिफिक ड्रिल्स घेतो."

* * *

तर पहिलं सायंटिफिक ड्रिल. कमरेएवढ्या स्टँडवर बॉल ठेवायचा आणि मारायचा. स्टँड विकत घ्या म्हटलं तर शाळा म्हणाली, पुढच्या वर्षी बघू. मग मी रंगाच्या रिकाम्या डब्यात सिमेंट ओतलं, त्यात प्लंबरकडचा पाइप उभा केला आणि वर रबरी नळीचा तुकडा बसवला. दिसायला ते कोणाच्या तरी बाथरूममधून उचलून आणल्यासारखं दिसत होतं, पण बॉल बसायचा.

मी मुलींना पाय कसे ठेवायचे, कंबर कशी फिरवायची, नजर कुठे ठेवायची हे सगळं समजावलं. खूप वेळ समजावलं. मग सानिकाला पुढे बोलावलं. ती बॅट खांद्यावर घेऊन बॉलकडे बघत नुसती उभी राहिली.

"काय झालं?"

"सर, तो हलतच नाहीये. असं गप बसलेल्याला मारायचं म्हणजे कसंतरीच वाटतं."

शेवटी मारलं तिनं. बॉल जागेवर राहिला आणि पाइप पार्किंगमध्ये गेला.

* * *

दुसऱ्या ड्रिलला जाळं लागतं. बाजूला गुडघ्यावर बसून कोणीतरी बॉल हलकेच वर टाकतो, मुलगी तो जाळ्यात मारते. म्हणजे बॉल आणायला पळावं लागत नाही. जाळं कुठून आणायचं? टीममधल्या दीक्षिताचं घर कोळ्यांचं. तिच्या आजीनं घरातलं जुनं मासे धरायचं जाळं देऊन टाकलं. आम्ही ते दोन खांबांना बांधलं. फुकटात काम झालं म्हणून मी खूश होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाळ्यासमोर मांजरं बसलेली. आसपासच्या सेक्टरमधली सगळी असावीत. जाळं आम्ही साबणानं धुतलं, लिंबू लावलं, उन्हात वाळवलं. मांजरांची संख्या वाढली.

एकदा आजी स्वतः बघायला आल्या. पोरी जाळ्यात बॉल मारतायत, मांजरं प्रत्येक बॉलमागे मान फिरवतायत, मी शिट्टी मारतोय. आजी बराच वेळ बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "या जाल्यात आमाला जिताडी घावायची. तुमाला काय घावलं आतापरत?"

मी म्हटलं, "आजी, वेळ लागतो."

"आमी पन घरी ह्याच सांगायचो," आजी म्हणाल्या.

* * *

आपल्याकडच्या पोरी बॅट हातात घेतात ती क्रिकेट बघूनच. त्यामुळे मारलं की बॅट घेऊन पळतात. सॉफ्टबॉलमध्ये बॅट टाकायची आणि मोकळ्या हातानं पळायचं. यासाठी वेगळं ड्रिल घेतलं. मारा, टाका, पळा. मारा, टाका, पळा. महिनाभर चाललं.

मग शाळांच्या मॅचमध्ये सानिकानं एक असा फटका मारला की समोरच्या टीमच्या मुली बॉलमागे धावताना दिसेनाशा झाल्या. सानिकानं बॅट टाकली. पळाली. मी आनंदानं शिट्टी वाजवली, जी कोचनं मॅचमध्ये वाजवायची नसते. आणि अर्ध्या वाटेत ही थांबली, मागे वळली, परत आली, बॅट उचलली आणि बॅट घेऊन पुन्हा पळायला लागली. तोवर बॉल परत आला होता. आउट.

"अगं, परत कशाला आलीस?"

"सर, बॅट तशीच पडली होती. कोणी नेली म्हणजे?"

यात तिचीही चूक नाही. आमच्या मैदानावर पाण्याची बाटली खाली ठेवून बूट बांधला, की बूट राहतो, बाटली जाते. तरी मी तक्रार करायला मॅच बघायला आलेल्या पाटलांकडे बघितलं. ते मान हलवत होते.

"बरोबर केलान पोरीनं. बॅट गेली आसती त?"

* * *

बॉल टाकायला माणसं कमी पडतात म्हणून मी पालकांची ड्युटी लावली. पाटील रोज यायला लागले. क्लासची धमकी त्यांनीच दिलेली, पण बॉल टाकायला गुडघ्यावर सगळ्यांच्या आधी तेच बसायचे. आणि बसल्या बसल्या शिकवायचे.

"खांदा वर घे."

मी पलीकडून ओरडायचो, "खांदा सैल सोड!"

"पाय पुरं टाक."

"पाय जागेवर!"

एक दिवस सानिकानं बॅट खाली टेकवली आणि आम्हा दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. "तुम्ही दोघं आधी ठरवून घ्या. मी तोपर्यंत पाणी पिऊन येते."

आम्ही ठरवायला बसलो. ती पाणी पिऊन आली, जाळ्यात बॉल मारून दमली, घरी गेली. आमचं अजून खांद्यावरच चाललं होतं.

* * *

आमच्या शेजारी मैदानाच्या कोपऱ्यात ज्येष्ठ नागरिकांचा हास्य क्लब भरतो. पोरीचा बॉल हुकायला आणि पलीकडे सगळ्यांनी मिळून हसायला एकच गाठ पडायची. बाकीच्या मुलींना सवय झाली. सानिकाला नाही झाली. एकटी असली की ती सुरेख मारते. हल्ली ओळखीचं कोणी टक लावून बघतंय असं वाटलं, की हुकलंच. जिल्ह्याच्या टीमची ट्रायल जवळ आली तसं मला रात्री झोप लागेना. हातातली गुणी पोरगी, आणि बॅट माळ्यावर जाणार.

शेवटी ती स्वतःच क्लबच्या कुलकर्णी काकांकडे गेली. "काका, मी बॅटिंग करत असेन तेव्हा थोडा वेळ हसू नका ना."

माणसं सज्जन. दुसऱ्या दिवशी तिची बॅटिंग सुरू झाल्याबरोबर सगळा क्लब हसायचा थांबला आणि ओळीनं उभा राहून, अगदी शांतपणे, तिची बॅटिंग कधी संपते याची वाट बघू लागला.

त्या दिवशी तिचा एकही बॉल लागला नाही.

* * *

ट्रायल दुसऱ्या एका शाळेच्या मैदानावर होती. दोन निवड करणारे खुर्च्यांवर, समोर सगळ्या शाळांच्या मुली, कडेला पालक आणि कोच. प्रत्येकीला दोनदा बॅटिंग मिळणार होती. पहिल्या वेळी सानिकाचे सगळे बॉल हुकले. एकाला बॅटची कडसुद्धा लागली नाही. खुर्चीवरचे साहेब आपसात काहीतरी बोलले आणि दुसरीकडे बघायला लागले.

दुसऱ्या बॅटिंगच्या आधी ती माझ्याकडे आली. मी तयारच होतो. खांदा, कोपर, कंबर, पाय, कुठून सुरुवात करावी एवढाच प्रश्न होता.

"सर, रागावणार नाही ना?"

"नाही गं. विचार काय ते."

"गेटबाहेर टपरी आहे. चहा चांगला असतो म्हणे. तुम्ही पिऊन या."

"आत्ता?"

"हो, आत्ताच जा."

खरं सांगतो, मला वाईट वाटलं. वर्षभर घसा कोरडा केला तो याच्यासाठी का? पण तिचा चेहरा बघितला आणि गेटबाहेर पडलो. टपरीच्या बाकड्यावर मैदानाकडे पाठ करून, हातात कटिंग चहा घेऊन पाटील बसले होते. मला बघून ते जरा सरकले.

"बसा सर. तुमाला पन धाडलान काय?"

मी बसलो. चहा आला. मैदानावर शिट्टी झाली आणि थोड्याच वेळात आवाज आला. टण्ण. ॲल्युमिनियमच्या बॅटच्या मधोमध बॉल बसला की येतो, तो. मी उठायला लागलो तर पाटलांनी माझा हात धरून खाली बसवलं. परत टण्ण. आत कोणीतरी टाळ्या वाजवल्या.

पाटलांनी मान न वळवता टपरीवाल्याला दोन बोटं दाखवली.

"आजून दोन कटिंग दे. आमी हितून उठत नाय."