नांगरलेल्या बोटीचा प्रवास

ज्या बोटीवर एका माणसाने आपल्या उमेदीचे बहुतेक रविवार घालवले आणि जी त्या रविवारांत पाण्यातून वीतभरही पुढे सरकली नाही, त्या बोटीतून त्याने प्रवास केला असे म्हणावे की नाही? प्रस्तुत लेखकाला या प्रश्नाचे उत्तर देता आलेले नाही. ज्याच्याविषयी हा प्रश्न आहे, त्याला तर तो कधी पडलाच नाही. प्रश्न पडायलाही वेळ लागतो, आणि त्याच्याकडे वेळ नव्हता.

तो दातांच्या कवळ्या बनवत असे. दंतवैद्य रुग्णांच्या हिरड्यांचे ठसे त्याच्याकडे पाठवत आणि मागच्या खोलीत मेणाच्या व प्लॅस्टरच्या पसाऱ्यात बसून तो त्यांवर दात उभे करी. दात नसलेल्या माणसाला दम नसतो. त्यामुळे सोमवार ते शनिवार त्याला मान वर करायला फुरसत नसे. उरला रविवार. तो बोटीचा.

ही छोटी शिडाची बोट मूळची त्याच्या सासऱ्यांची. सासरे बस डेपोत तपासनीस होते आणि निवृत्तीनंतर त्यांनी ती हौसेने घेतली होती. पण नदीत ऐन मध्यावर त्यांना शिंक यायची आणि कवळी पाण्यात पडायची. असे तीनदा झाले. तिन्ही वेळा जावयाने बिनबोभाट नवी कवळी करून दिली. चौथी कवळी तोंडात बसवून घेताना सासरे म्हणाले, “जावईबापू, आता गुडघे साथ देत नाहीत. बोट तुम्हीच वापरा.”

कवळीकाराने बोट वापरली नाही. त्याने ती राखली. सांध्यांत लांबी भरायची, पॉलिश पेपरने घासायचे, वॉर्निशचा हात द्यायचा आणि तो वाळायची वाट पाहायची. वॉर्निश वाळेपर्यंत वाऱ्याचे दिवस सरत आणि वाऱ्याचे दिवस परत येईपर्यंत वॉर्निशला पोपडे धरत. एका वर्षी सुकाणू आपल्या खाचेत नीट बसत नाही असा त्याला संशय आला, तेव्हा कवळीचा चावा तपासायचा निळा कागद मध्ये सरकवून त्याने तोही तपासला.

“स्वयंपाकघराचं दार वर्षभर घासतंय,” बायको म्हणाली. “त्याला चार दात असते, तर त्याचंही नशीब उघडलं असतं.”

हे असेच चालायचे, पण साडूने नदीकाठी हॉटेल काढले. मेहुणीचा हा नवरा खटपट्या माणूस. एका रविवारी सगळे सासऱ्यांकडे जेवायला बसले असताना त्याने विषय काढला.

“बाबा, ती बोट नुसती पडून आहे. मी हॉटेलच्या दारात ठेवतो. माती भरली की झकास फुलं येतील.”

कवळीकाराने हातातला घास ताटात ठेवला. “माती?”

“आणि शेणखत,” साडू म्हणाला. “साडूभाऊ, तुम्हीच सांगा, शेवटची पाण्यात कधी घातली होती?”

कवळीकार बोटांवर वर्षे मोजू लागला, तेव्हा सासऱ्यांनी हात वर केला. “ऐकीव माहितीवर मी जन्मात कधी शेरा मारला नाही. येत्या रविवारी मी स्वतः बसणार. बोट चालली तर थोरल्या जावयाची. नाही तर तिची कुंडी.”

घरी जाताना बायकोने विचारले, “अहो, तुम्हाला ती चालवता येते ना?”

“पुस्तक वाचलंय.”

“मग पोहण्याचंही एखादं मिळतंय का बघा.”

तो आठवडा त्याने अर्धवट कवळ्यांच्या सान्निध्यात कसा काढला, ते त्याचे त्यालाच ठाऊक. शनिवारी संध्याकाळी बोट पाण्यात उतरली. धक्क्याला बांधली तर रंग खरचटेल, म्हणून त्याने ती काठापासून थोडी आत नेली आणि नांगर टाकला. नांगराचा दोर कडेला घासेल, म्हणून त्यावर चामड्याची नळी चढवली आणि सगळा दोर पुढच्या बाजूच्या कॅनव्हासखाली असा दडवला की शोधूनही सापडू नये. कवळीची तार दिसता कामा नये, हा त्याच्या धंद्यातला पहिला नियम होता आणि धंद्याबाहेर त्याला दुसरा कोणता नियम ठाऊक नव्हता.

रविवारी एका होडीवाल्याने सासरे-जावई दोघांना बोटीवर सोडले. काठावर बायको पेपर घेऊन बसली. शेजारी साडू होता. त्याच्या हातात मोजपट्टी आणि पायाशी फुलांची रोपे होती.

शीड चढले. मागून वारा आला आणि ते टम्म फुगले. समोरून येणारा प्रवाह बोटीच्या दोन्ही बाजूंनी खळखळत मागे पळू लागला. सासऱ्यांनी डोळे मिटून घेतले होते. त्यांनी आधी एक उघडला, मग दुसरा.

“वेग चांगला आहे,” ते म्हणाले.

“वारा अनुकूल आहे,” कवळीकार म्हणाला. त्याचे सगळे लक्ष वॉर्निशवर उठलेल्या एका बुडबुड्यावर होते.

बऱ्याच वेळाने सासरे पुन्हा बोलले. “जावईबापू, काठावरची ती पाण्याची टाकी मघापासून आपल्याबरोबर येतेय.”

“लांबच्या वस्तू तशाच दिसतात, बाबा. चंद्र नाही का येत?”

सासऱ्यांना हे पटले. टाकीकडे पाहत ते शांतपणे नदीची हवा खात बसले. तेवढ्यात त्यांना होडी दिसली.

“ही होडी भलतीच वेगात येतेय. आपल्यालाही गाठलं तिनं.”

होडी बाजूला येऊन लागली. आत बायको होती आणि साडू होता.

“अहो,” बायको हळूच म्हणाली, “नांगर.”

कवळीकाराने कॅनव्हासकडे पाहिले. त्याचा चेहरा प्लॅस्टरसारखा झाला.

“बाबा, बोट जागची हललेली नाही,” साडू म्हणाला. “टाकीच्या खांबावर नजर ठेवून होतो मी. एक इंच नाही.” आणि त्याने मोजपट्टी उघडून बोटीच्या कडेला लावलीसुद्धा.

सासऱ्यांनी टाकीकडे पाहिले. त्यांचा हात तोंडाकडे गेला. बोटांनी त्यांनी वरचे दात चाचपले, मग खालचे. सगळे जागेवर होते.

“तरीच मळमळलं नाही,” ते म्हणाले.

“काय?”

“ती शिंक नव्हती.”

“तिन्ही वेळा?” मुलीने विचारले.

“तिन्ही वेळा. बसमध्येही तेच व्हायचं. डेपोत उभी असली की मात्र कसं बरं वाटायचं.” त्यांनी साडूची मोजपट्टी अलगद बाजूला केली. “पाण्यावर बसून पाणी बघायची हौस माझी. ती आज फिटली. बोट थोरल्याची.”

“पण बाबा, बोट चालली तर, असं ठरलं होतं.”

“नदी चालली ना? तेवढं मला पुरे. जावईबापू, पुढच्या रविवारी पुन्हा. आणि त्या नांगराला कोणी हात लावायचा नाही.”

अशा रीतीने बोट वाचली आणि कवळीकाराचा रविवार गेला. आता वॉर्निशला पोपडे धरत, ते त्याला सासऱ्यांच्या शेजारी हात बांधून पाहावे लागत. बोटीच्या नेहमीच्या जागेपासून हाकेच्या अंतरावर साडूच्या हॉटेलच्या दारात न्हाणीघरातला एक जुना टब आला. त्यातल्या फुलांकडे बोट दाखवून सासरे दर रविवारी म्हणत, “आज ती फुलंही आपल्याबरोबर येताहेत.”

सासऱ्यांची ती चौथी कवळी पाण्यात एकदाही न पडता थेट २०२१ सालापर्यंत टिकली.